एका वेळी एकच गोष्ट : फादर लाझ्झारो स्पालान्झानी यांची जीवनगाथा

घरात एखाद्याला ताप येतो. आजी गवती चहाचा काढा देते, आई डॉक्टरांकडून गोळ्या आणते, शाळेला दोन दिवस सुट्टी मिळाल्याने विश्रांतीही होते. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो. आजी म्हणते काढ्याने उतरला, आई म्हणते गोळीने. दोघींपैकी कोणीही खोटे बोलत नसते. परंतु खरे कारण कोणते हे दोघींनाही सांगता येत नाही, कारण तीन गोष्टी एकाच वेळी घडलेल्या असतात. किंबहुना तो ताप काहीही न करता तिसऱ्या दिवशी उतरणाराच असेल!

हा साधा पेच सोडविण्याची रीत म्हणजेच विज्ञानातील नियंत्रित प्रयोग होय. ज्या घटकाविषयी शंका आहे तेवढाच बदलायचा, बाकी सर्व जसेच्या तसे ठेवायचे आणि शेजारी काहीही न बदललेला एक संच तुलनेसाठी मांडायचा. बदलणाऱ्या घटकाला आपल्या शालेय पुस्तकांत 'चल' म्हणतात आणि तुलनेच्या संचाला 'नियंत्रित संच'. ऐकायला ही गोष्ट अगदी सोपी वाटते. पण ती प्रत्यक्षात उतरविण्यासाठी किती चिकाटी आणि किती नम्रता लागते, हे आम्हांला अठराव्या शतकातील एका इटालियन धर्मगुरूच्या जीवनात पाहावयास मिळते. त्यांचे नाव फादर लाझ्झारो स्पालान्झानी.

बालपण आणि शिक्षण

लाझ्झारो यांचा जन्म जानेवारी 1729 मध्ये उत्तर इटलीतील स्कान्दियानो या छोट्या गावी झाला. वडील वकील होते. पंधराव्या वर्षी लाझ्झारो जवळच्या रेज्जो शहरातील येशूसंघीयांच्या विद्यालयात दाखल झाले. त्यांची हुशारी पाहून येशूसंघाने त्यांना आपल्यात येण्याचे निमंत्रण दिले होते. परंतु ते न स्वीकारता, वडिलांच्या इच्छेनुसार कायद्याचा अभ्यास करण्यासाठी ते बोलोन्या विद्यापीठात गेले.

तेथे त्यांच्या जीवनाला वेगळे वळण मिळाले. त्यांची नात्यातील बहीण लाउरा बास्सी या त्याच विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवीत होत्या. 1732 साली पदवी मिळवून विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या या विदुषी युरोपातील पहिल्या महिला प्राध्यापकांपैकी एक होत. त्यांच्या सहवासात लाझ्झारो यांना निसर्गाच्या अभ्यासाची गोडी लागली. कायद्याची पुस्तके बाजूला पडली. पुढे त्यांनी गुरुदीक्षा घेतली आणि लोक त्यांना अबे स्पालान्झानी म्हणून ओळखू लागले. रेज्जो आणि मोदेना येथे अध्यापन केल्यानंतर 1769 साली पाव्हिया विद्यापीठात निसर्गेतिहासाचे प्राध्यापक म्हणून त्यांची नियुक्ती झाली आणि अखेरच्या श्वासापर्यंत ते तेथेच राहिले.

जुना प्रश्न : जीव आपोआप जन्मतो काय?

स्पालान्झानी यांच्या काळात एक प्रश्न विद्वानांमध्ये गाजत होता. कुजणाऱ्या पदार्थांतून जीव आपोआप निर्माण होतो, असे प्राचीन काळापासून मानले जाई. मांस उघडे ठेवले की त्यात अळ्या पडतात, हे कोणत्या गृहिणीने पाहिले नव्हते?

फ्रान्चेस्को रेदी या तोस्कानाच्या दरबारातील वैद्याने 1668 साली या समजाला धक्का दिला होता. त्यांनी काही भांड्यांत मांस व मासे ठेवले. चार भांडी पक्की बंद केली आणि तशीच चार उघडी ठेवली. उघड्या भांड्यांत माश्या शिरल्या व अळ्या झाल्या. बंद भांड्यांत झाल्या नाहीत. पण रेदी येथे थांबले नाहीत. भांडे बंद केल्याने माशी अडते हे खरे. पण त्याच वेळी हवाही अडते. म्हणजे एक गोष्ट बदलायला जावे तर नकळत दोन बदलल्या! म्हणून त्यांनी पुन्हा प्रयोग मांडला आणि या वेळी भांड्यांच्या तोंडावर बारीक विणीचे कापड बांधले. हवा आत जात होती, माशी जात नव्हती. मांसावर अळ्या झाल्याच नाहीत. दोष हवेचा नव्हता, माशीचाच होता.

अळ्यांचा प्रश्न मिटला. पण सूक्ष्मदर्शक यंत्रातून दिसणाऱ्या इवल्या जीवांचे काय? ते कोठून येतात? येथे आमच्या कथेत दुसरे एक धर्मगुरू येतात.

दोन धर्मगुरूंचा वाद

फादर जॉन टर्बरव्हिल नीडहॅम हे इंग्लंडचे कॅथलिक धर्मगुरू होते. लंडनच्या रॉयल सोसायटीवर निवडून आलेले ते पहिले कॅथलिक धर्मगुरू होत. त्यांनी मटणाचा गरम रस्सा काचेच्या कुपीत भरला, बूच लावून फटी लाखेसारख्या चिकट राळेने बुजविल्या आणि कुपी गरम राखेत ठेवून तापविली. आतील सर्व जीव मेले असतील, असे त्यांना वाटले. काही दिवसांनी कुपी उघडली तर रस्सा सूक्ष्म जीवांनी भरलेला! पदार्थांतच एक जीवनदायी शक्ती असते आणि तीच हे जीव घडविते, असा निष्कर्ष त्यांनी 1748 साली मांडला. फ्रान्समधील थोर निसर्गतज्ज्ञ ब्युफाँ यांनीही त्यांची बाजू उचलून धरली.

स्पालान्झानी यांनी हा प्रयोग वाचला आणि त्यांच्या मनात दोन शंका आल्या. पहिली म्हणजे, कुपी पुरेशी तापली होती काय? दुसरी, बूच खरोखर हवाबंद होते काय? या दोन शंका एकत्र तपासून चालणार नव्हते. म्हणून त्यांनी त्या वेगवेगळ्या केल्या.

त्यांनी घेवडा, जव, मका यांसारखी बियाणी पाण्यात घालून अनेक चंबू भरले. काहींना नुसते सैल बूच लावले, तर काहींची काचेची मानच ज्योतीवर वितळवून जोडून टाकली, जेणेकरून काचेतून हवेला वाटच राहू नये. मग प्रत्येक प्रकारातील चंबू कमी-अधिक वेळ उकळले. काही दिवसांनी प्रत्येक चंबूतील थेंब सूक्ष्मदर्शकाखाली तपासले.

उत्तर स्पष्ट होते. सैल बुचाच्या चंबूंत, ते कितीही वेळ उकळलेले असले तरी, जीव होतेच. काच वितळवून बंद केलेल्या चंबूंत मात्र उकळण्याच्या वेळेप्रमाणे फरक पडत होता. मोठ्या आकाराचे सूक्ष्म जीव थोडक्याच उष्णतेने नाहीसे होत. अगदी लहान जीव मात्र अर्धा तास उकळूनही टिकाव धरीत. पाऊण तास ते तासभर उकळल्यावर चंबू निर्जीव राहत. म्हणजे नीडहॅम यांची कुपी कमीही तापली होती आणि तिचे बूचही भरवशाचे नव्हते. हे सर्व स्पालान्झानी यांनी 1765 साली प्रसिद्ध केले.

प्रतिपक्षाची हरकत

फादर नीडहॅम गप्प बसले नाहीत, आणि आमच्या मते त्यांनी गप्प न बसणे हे विज्ञानावर उपकारच झाले. 1769 साली स्पालान्झानी यांच्या ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर निघाले, तेव्हा त्याच पुस्तकात नीडहॅम यांच्या टिपा छापल्या गेल्या. त्यांची हरकत दुहेरी होती. इतका वेळ उकळून स्पालान्झानी यांनी बियांमधील जीवनदायी शक्तीच मारून टाकली. आणि चंबूतील थोडीशी हवाही बिघडवून टाकली. मग जीव कोठून निर्माण होणार?

वाचकहो, ही हरकत हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. रेदी यांच्या बंद भांड्याचाच पेच येथे पुन्हा उभा राहिला होता. उष्णता वाढविली तेव्हा जीव मेले. पण त्याबरोबर आणखी काही बदलले नाही कशावरून?

स्पालान्झानी यांनी प्रतिपक्षाचे म्हणणे तपासण्याजोगे मानले आणि ते पुन्हा चंबू घेऊन बसले. उष्णतेने जर ती शक्ती मरत असेल, तर अधिक उकळलेल्या बियांच्या पाण्यात, हवा लागू दिली तरी, जीव कमी दिसावयास हवेत. त्यांनी एकाच प्रकारच्या बिया अर्धा तास, एक तास, दीड तास आणि दोन तास उकळल्या व सर्वांना सारखेच सैल बूच लावले. येथे बदलणारी गोष्ट एकच होती, वेळ. दोन तास उकळलेल्या पाण्यातही जीव भरपूर झाले. कित्येक ठिकाणी तर इतरांपेक्षा अधिक झाले. एवढ्यावर न थांबता त्यांनी बिया कॉफी भाजण्याच्या भांड्यात भाजल्या, काही तर जाळून कोळसा केल्या. त्यांच्या पाण्यातही जीव आले! बियांतील तथाकथित शक्ती उष्णतेने मरत नव्हती, कारण जीव त्या शक्तीतून येतच नव्हते.

हवेविषयीही त्यांनी विचार केला. जाड मान वितळविताना ज्योतीच्या उष्णतेने आतील हवा बाहेर निघून जाते व विरळ होते, हे त्यांच्या लक्षात आले. म्हणून त्यांनी चंबूची मान आधी केसासारखी बारीक ओढून घेतली आणि चंबू थंड झाल्यावर ते सूक्ष्म टोक क्षणार्धात बंद केले. आता आतील हवा बाहेरच्या हवेइतकीच दाट राहत होती. तरीही नीट उकळलेले चंबू निर्जीवच राहिले. 1776 साली त्यांनी हे सारे प्रसिद्ध केले.

जे सिद्ध झाले नाही

येथे विजयाचा जयघोष करून थांबणे सोपे आहे. पण ते सत्याला धरून होणार नाही. आतील हवा पुरेशी दाट आहे, हे स्पालान्झानी यांनी दाखविले. ती उकळण्यापूर्वीसारखीच ताजी आहे, हे ते दाखवू शकले नाहीत. प्राणवायूचे ज्ञान त्याच सुमारास आकार घेत होते. पुढे फ्रान्सच्या निकोला अपेर यांनी बंद बाटल्या उकळून अन्न टिकविण्याची रीत 1810 साली पुस्तकरूपाने जगापुढे ठेवली. आजच्या डबाबंद अन्नाची ती सुरुवात होय. पण त्या बाटल्यांतील हवा तपासली तेव्हा तीत प्राणवायू उरलेला नाही असे आढळले, आणि नीडहॅम यांची जुनी हरकत पुन्हा जिवंत झाली.

तिचे उत्तर लुई पाश्चर यांनी दिले. त्यांनी चंबूची मान हंसासारखी वाकडी केली, पण तोंड उघडेच ठेवले. हवा मोकळेपणाने आत जात होती. हवेतील धूळ मात्र त्या वळणात अडकून राहत होती. उकळलेले पाणी तसेच स्वच्छ राहिले. मान मोडली तेव्हा ते नासले. रेदी यांच्या बारीक कापडाने जे साधले होते तेच पाश्चर यांच्या वाकड्या मानेने साधले. हवा आत, जीव बाहेर. 1862 साली फ्रेंच विज्ञान अकादमीने त्यांना या कार्यासाठी पारितोषिक दिले. स्पालान्झानी यांना जाऊन तेव्हा त्रेसष्ट वर्षे झाली होती.

स्वतःच्या देहावर प्रयोग

अन्न पचते म्हणजे नेमके काय होते? जठर ते जात्यासारखे दळते, की तेथे ते नुसते कुजते, की एखादा रस ते विरघळवितो? फ्रान्सच्या रेओम्यूर यांनी पाळलेल्या घारीवर या दिशेने प्रयोग केले होते. स्पालान्झानी यांनी ते पुढे नेले आणि त्यात स्वतःचे शरीरही वापरले. भाकरी व मांस भरलेल्या कापडी पिशव्या आणि भोके पाडलेल्या लाकडी नळ्या ते गिळत असत. नळीच्या आतील मांसाला जठराचा दाब पोहोचत नाही, रस मात्र पोहोचतो. मांस विरघळले, म्हणजे ते काम रसाचेच होते.

मग त्यांनी तो रस शरीराबाहेर आणला. पक्ष्यांचा जठररस काचनळीत घेऊन त्यात मांसाचे तुकडे टाकले आणि शरीराची ऊब मिळावी म्हणून ती नळी काखेत धरून ठेवली. तशीच एक नळी, तसेच मांस, परंतु रसाऐवजी साधे पाणी, हीही त्यांनी बरोबर ठेवली. रसातील मांस विरघळले. पाण्यातील मांस कुजू लागले. पाण्याची ती नळी नसती तर मांसावर झालेला परिणाम रसाचा की नुसत्या उबेचा, हे सांगता आले नसते. नियंत्रित संच म्हणजे काय, हे मुलांना समजावून सांगण्यासाठी याहून सोपे उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

चुकलेला निष्कर्ष

बेडकांवरील त्यांचा प्रयोग तर सर्वश्रुत आहे. फलनासाठी नराच्या द्रवाचा अंड्याला प्रत्यक्ष स्पर्श लागतो की नाही, हा प्रश्न होता. त्यांनी नर बेडकांना रेशमी कापडाच्या छोट्या विजारी शिवून घातल्या! त्या नरांजवळील अंड्यांतून पिल्ले झाली नाहीत. विजारी न घातलेल्या नरांजवळील अंड्यांतून झाली. विजारीत साचलेले थेंब त्यांनी अंड्यांना लावले, तेव्हा त्या अंड्यांतूनही जीव वाढला. पुढे त्यांनी तो द्रव अनेक पदरी कागदातून गाळला. गाळून आलेल्या पाण्याची शक्ती नष्ट झाली होती. कागदावर उरलेल्या गाळात ती कायम होती.

आता निष्कर्ष समोर उभा होता. त्या गाळातच शुक्रजंतू होते. परंतु प्राणी अंड्यात आधीपासूनच सूक्ष्मरूपाने पूर्ण तयार असतो, या मताचे ते खंदे पुरस्कर्ते होते. शुक्रजंतू म्हणजे त्या द्रवात राहणारे केवळ उपरे जीव, असेच ते शेवटपर्यंत मानीत राहिले. अंडे व शुक्रजंतू यांचे मीलन 1870 च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ ऑस्कार हर्टविग यांनी स्पष्ट दाखविले. प्रयोग निर्दोष असूनही पूर्वग्रहाने डोळे झाकता येतात, हे या थोर माणसाच्या चुकीवरून शिकण्यासारखे आहे.

स्वभावानेही ते काही संत नव्हते. 1785 साली ते कॉन्स्टँटिनोपलच्या प्रवासास गेले असता, विद्यापीठाच्या संग्रहालयातील वस्तू त्यांनी पळविल्याचा आरोप काही सहकाऱ्यांनी केला. चौकशीत ते निर्दोष ठरले. परंतु मनातील सल गेला नाही. टोपणनावाने पत्रे प्रसिद्ध करून त्यांनी एका विरोधी सहकाऱ्याच्या शास्त्रीय चुकीची जाहीर टिंगल केली.

अंधारातील वटवाघूळ

वयाची साठी उलटल्यावर, 1793 साली, त्यांनी आपला अखेरचा मोठा शोध आरंभिला. खोलीतील मेणबत्ती विझली की घुबड भिंतीवर आपटते, वटवाघूळ मात्र निर्धास्त उडते, हे त्यांनी पाहिले. मग वटवाघूळ पाहते तरी कशाने?

त्यांनी एकेक इंद्रिय बाद करीत जाण्याचे ठरविले. डोळे निकामी केलेली वटवाघळे पूर्ववत उडत राहिली, आणि त्यांच्या पोटात इतरांइतकेच किडे सापडले. स्पर्शज्ञान बोथट करण्यासाठी अंगाला रोगण लावले, नाक बंद केले, चवही वगळून पाहिली. उड्डाणात फरक पडला नाही. आजच्या काळात प्राण्यांना अशा वेदना देण्यास कोणतीही संस्था सहजासहजी परवानगी देणार नाही, आणि ते योग्यच आहे. त्या काळी हा विचार फारसा कोणी करीत नसे.

जिनिव्हाचे शल्यवैद्य लुई ज्युरीन यांनी 1794 साली वटवाघळांचे कान मेणाने बंद केले आणि ती अडखळून आपटू लागली. स्पालान्झानी यांना हे सहजी पटेना. पण त्यांनी प्रयोग स्वतः करून पाहिला. मग त्यांच्या मनात जुनी शंका आली. वटवाघूळ ऐकू न आल्याने आपटते की कानात काहीतरी खुपसल्याच्या त्रासाने? म्हणून त्यांनी कानात बसतील अशा इवल्या पितळी नळ्या करविल्या. मोकळी नळी घातली तेव्हा त्रास तोच होता, पण वटवाघूळ नीट उडाले. तीच नळी डांबराने बुजविली तेव्हा ते आपटले. बदल झाला तो फक्त ऐकण्यात. संशयाला जागा उरली नाही.

तरीही जगाने विश्वास ठेवला नाही. फ्रान्सचे नामवंत प्राणिशास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी, स्वतः प्रयोग न करताच, हे काम स्पर्शाचे असल्याचे 1795 साली ठरविले आणि त्यांच्या शब्दाला वजन असल्याने तेच मत शतकाहून अधिक काळ चालले. माणसाला ऐकू न येणारे ध्वनी टिपणारे यंत्र हार्वर्ड विद्यापीठात तयार झाले, तेव्हा 1938 साली डोनाल्ड ग्रिफिन या तरुण विद्यार्थ्याने वटवाघळांना त्यापुढे धरले, आणि शांत वाटणारी ती खोली आवाजांनी भरून गेली. वटवाघूळ आपल्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट काढते, हे कोडे असे उलगडले.

अखेर

मूत्राशयाच्या दीर्घ व्याधीने फादर स्पालान्झानी यांचे फेब्रुवारी 1799 मध्ये पाव्हिया येथे निधन झाले. नळ्या गिळून आपल्या शरीराची परीक्षा घेणाऱ्या या माणसाचे मूत्राशय पाव्हियाच्या विद्यापीठ संग्रहालयात जतन करून ठेवले आहे. स्कान्दियानो गावात त्यांचा पुतळा उभा आहे.

त्यांच्या जीवनाकडे पाहताना आम्हांला वाटते की, त्या पाण्याच्या नळीत, त्या सैल बुचाच्या चंबूत आणि त्या मोकळ्या पितळी नळीत एक प्रकारची नम्रता साठलेली आहे. माझे म्हणणे चुकीचे असेल तर ते मला कळावे, यासाठी माणूस स्वतःच केलेली ती सोय असते. जेथे त्यांनी ती केली, तेथे त्यांचे शब्द दोनशे वर्षे टिकले. जेथे स्वतःच्या मतापुढे पुराव्याला मागे सारले, तेथे ते चुकले.

आपल्या मुलांनी विज्ञान प्रदर्शनासाठी मुगाच्या चार कुंड्या मांडल्या, तर त्यांना दोनच प्रश्न विचारावेत. या कुंड्यांत नेमकी कोणती एकच गोष्ट वेगळी आहे? आणि जिला काहीच केलेले नाही, अशी कुंडी कोणती? मूल या प्रश्नांवर थोडे अडखळले तरी हरकत नाही. फादर स्पालान्झानी यांचे सारे आयुष्य याच दोन प्रश्नांवर अडखळण्यात गेले.